आवाजाची तूट आणि आवाजाचा ऊत

मराठी वाक्याला एक खोड आहे. होकार की नकार, याचा निवाडा ते अगदी शेवटच्या शब्दापर्यंत लांबणीवर टाकते. 'आम्ही या दिवाळीला घरी येणार' एवढे कानावर पडताच आई करंज्यांचे सारण वाढवायला घेते, आणि पाठोपाठ 'नाही' आले की परातीतला हात जागच्या जागी थांबतो. हा 'नाही' उच्चारायला अर्धा सेकंदही लागत नाही. परदेशातून मुलगा बोलत असताना नेमका तेवढाच तुकडा गळून पडला, तर घरात केवढा घोटाळा होईल याची कल्पना वाचकांनीच करावी!

आवाज असा तुटला की आपण सर्वजण एकच निदान करतो: 'रेंज नाही.' पुष्कळदा ते खरेही असते. पण वाटेतल्या सगळ्या खाचखळग्यांतून सुखरूप आलेला आवाज घराच्या उंबरठ्यावर ठेच लागून पडावा, तसा प्रकारही रोज घडत असतो. हा उंबरठा म्हणजे संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पोटातली, प्रोग्रॅम आणि स्पीकर यांच्यामधली चिमूटभर जागा. त्या जागेचा राखणदार असतो 'ऑडिओ ड्रायव्हर'. हा ड्रायव्हर खाकी कपड्यांतला नव्हे. तो काही हजार ओळींचा एक प्रोग्रॅम असतो. वरच्या मजल्यावरच्या प्रोग्रॅमने दिलेला आवाज खालच्या यंत्राकडे वेळेवर पोहोचता करणे, आणि मायक्रोफोनने ऐकलेले वर नेऊन देणे, एवढीच त्याची नोकरी. पण वेळेवर म्हणजे अगदी वेळेवर. आपल्या कचेऱ्यांत चालते ते 'वेळेवर' तिथे चालत नाही.

परीक्षक शेजारीण

आमची ऐरोली ठाण्याच्या खाडीच्या पूर्व काठावर वसलेली आहे. मूळची वस्ती आगरी-कोळ्यांची. १९९९ साली खाडीवर मुलुंडकडे जाणारा पूल झाला, २००४ साली ठाण्याहून वाशीकडे लोकल धावू लागली, आणि पाहता पाहता गावाचा चेहरा पालटला. आज एका बाजूला खाडीत गुलाबी रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, आणि दुसऱ्या बाजूला माइंडस्पेसच्या काचेच्या इमारतींत हजारो तरुण-तरुणी कानाला हेडफोन लावून जगभराशी बोलत असतात. दोन्ही देखावे पाहण्यासारखे आहेत.

आमच्याच इमारतीत राहणारी एक तरुणी या ऑडिओ ड्रायव्हरांची परीक्षा घेण्याचे काम करते. मीही वर्षाकाठी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासणारा माणूस; तेव्हा आमची जात एकच! जिन्यात, गच्चीवर, लोकलची वाट पाहताना तिने मला या परीक्षेतल्या पुष्कळ खुब्या सांगितल्या. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आले की हा विषय यंत्राचा असला तरी आपल्या भाषेशी आणि आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आवाजाशी त्याचा फार जवळचा संबंध आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

गच्चीवरची टाकी आणि गळके छप्पर

आवाज म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार. संगणक हा चढउतार दर सेकंदाला हजारो वेळा मोजतो आणि प्रत्येक मापाचा एक आकडा करतो. गाण्याच्या सीडीत सेकंदाला ४४,१०० मापे असतात. आजच्या संगणकांत आणि मोबाइलांत ४८,००० हा आकडा सर्रास आढळतो. स्पीकरकडे हे आकडे त्याच गतीने, एकही न चुकता, गेले पाहिजेत.

आता अडचण अशी की संगणक हा एकाच वेळी दहा घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईसारखा असतो. गाणे वाजवता वाजवता त्याला पत्रव्यवहार पाहायचा असतो, फाइल उतरवून घ्यायची असते, विषाणूंचा शोध घ्यायचा असतो. आणि वीज वाचवण्यासाठी मधूनच डुलकीही काढायची असते. तो आवाजाचे आकडे धारेने देऊ शकत नाही. सवड मिळेल तसे एकेक घमेले आणून ओततो. यावर उपाय आपल्या प्रत्येक इमारतीच्या गच्चीवर आहेच! पंप दिवसातून दोनदा चालतो, नळ मात्र दिवसभर वाहतो. कारण मध्ये टाकी आहे. संगणकातल्या या टाकीला 'बफर' म्हणतात.

टाकी रिकामी झाली आणि पंपवाला आलाच नाही, तर नळ कोरडा पडतो. आवाजाच्या बाबतीत याला 'अंडररन' म्हणतात. मी त्याला 'तूट' म्हणतो. घरचा नळ निदान बंद तरी करता येतो. स्पीकर हा असा नळ आहे की तो बंद होत नाही. सेकंदाला ४८,००० थेंब हा त्याचा हक्क, आणि तो मिळाला नाही की तो लगेच चारचौघांत बोंब ठोकतो.

आवाज मुद्रित करताना सगळे उलटे होते. मायक्रोफोन म्हणजे पावसाळ्यातले गळके छप्पर. थेंब थांबवणे आपल्या हाती नाही. खाली पातेले ठेवायचे आणि ते भरण्यापूर्वी उचलून ओतून यायचे. घरातले माणूस दुसऱ्या खोलीत अडकले की पातेले भरून वाहू लागते. हा 'ओव्हररन', याला मी 'ऊत' म्हणतो. दुधाचा ऊत ओट्यावर दिसतो, हा ऊत मात्र कुठेच दिसत नाही. जे सांडले ते कायमचे गेले.

प्रत्यक्षात ही टाकी गोल फिरणाऱ्या रहाटगाडग्यासारखी असते. समजा, माळेत चार गाडगी आहेत आणि प्रत्येकात २५६ मापे मावतात. एक गाडगे ओतायला सुमारे ५.३ मिलिसेकंद लागतात. चारही गाडगी मिळून जेमतेम २१. (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.) प्रत्येक गाडगे रिते झाले की यंत्र घंटी वाजवते, ड्रायव्हर वरच्या प्रोग्रॅमला हाक मारतो, आणि प्रोग्रॅमने ते गाडगे लगेच भरायचे. २१ मिलिसेकंदांत तो फिरकला नाही की तूट ठरलेली.

या तुटीचा आवाज दोन प्रकारचा असतो. ड्रायव्हरने रहाट थांबवला तर 'टक्' असा ठोका येऊन क्षणभर शांतता होते. थांबवला नाही तर आणखी गंमत होते. विहिरीवरचे गाडगे एकदा ओतले की रिकामे होते, पण संगणकाच्या गाडग्यातला जुना आकडा नवा येईपर्यंत तिथेच बसून असतो. मग रहाट तेच शिळे पाणी पुन्हा पुन्हा ओततो, आणि बातम्या देणारी बाई 'मुख्य-ख्य-ख्य-ख्य' अशी अडखळू लागते. बिचारीचा त्यात काडीचाही दोष नसतो!

आजोबांचा फोनोग्राफ आणि मुलाची सीडी

आवाजाच्या साठवणुकीचा हा प्रश्न जुन्या काळी नव्हता. फ्रेड गेसबर्ग यांनी १९०२ साली कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा आवाज कर्ण्यातून सुईवर आणि सुईवरून थेट मेणाच्या तबकडीवर उतरत असे. मध्ये टाकी नाही, गाडगे नाही. गायिकेला सुमारे तीन मिनिटांत राग आटोपावा लागे, ही अडचण वेगळी. पण सूर सलग उतरे. ऐकतानाही तसेच. ग्रामोफोनची चावी उतरली की गाणे संथ होई, गायिकेचा आवाज हळूहळू पुरुषी होत जाई, आणि घरातले कोणीतरी हसत हसत उठून चावी देई. यंत्र थकले आहे हे यंत्रच सांगत असे.

संगणकाचा आवाज थकून खाली येत नाही. तो शेवटच्या क्षणापर्यंत ठणठणीत असतो आणि मग एकदम तुटतो. ज्यांच्या घरी २००० सालाच्या आसपास पहिला संगणक आला, त्यांना याचा अनुभव सीडी 'जाळताना' आला असेल. लेसरचा किरण एकदा सुरू झाला की थांबत नसे. संगणकाकडून मजकूर येण्यास किंचित उशीर झाला की 'बफर अंडररन' असा निरोप पडद्यावर येई आणि कोरी करकरीत सीडी चहाच्या कपाखाली ठेवण्याच्या लायकीची होई. 'सीडी जळतेय, माउसला हात लावू नका!' अशी ताकीद तेव्हा घराघरांत ऐकू येई. त्याच सुमारास सान्यो कंपनीने 'बर्न-प्रूफ' ही युक्ती काढली: टाकी रिती होत आली की किरण थांबवायचा आणि भरली की त्याच जागेवरून पुढे लिहायचे. सीडीचा प्रश्न त्याने सुटला. कानाचा प्रश्न असा सुटत नाही, कारण ऐकणाऱ्याचा काळ थांबवून ठेवता येत नाही.

मग टाकी मोठी का नको?

वाचकांच्या मनात साहजिकच येईल की एवढा त्रास आहे तर टाकी मोठी बांधावी. नुसते गाणे ऐकायचे असेल तर खुशाल बांधावी, आणि तशी ती बांधतातही. पण टाकीत शिरलेला थेंब आपली पाळी येईपर्यंत आतच थांबतो. टाकी जेवढी मोठी तेवढा उशीर.

एखादा तबलजी हेडफोन लावून गाण्याला साथ करतो आहे असे समजू. टाकी २१ मिलिसेकंदांची असेल तर त्याला गाणे तेवढे उशिरा ऐकू येईल. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे हा उशीर गवई सात मीटर दूर बसल्यासारखा झाला. मोठ्या दिवाणखान्यात तो निभावेल. टाकी चौपट केली तर गवई २९ मीटर दूर गेला. म्हणजे मांडवाच्या पार दुसऱ्या टोकाला! अशा अंतरावरून समेवर येण्याचा पैजेचा विडा कोणता तबलजी उचलील?

बोलण्याचेही तेच. टेलिफोनवरचा एका बाजूचा उशीर शक्यतो १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. तो फार वाढला की दोघेही एकदम बोलतात, दोघेही एकदम थांबतात, आणि 'तुम्ही बोला', 'नाही, तुम्हीच बोला' यातच निम्मे संभाषण संपते. २०२० साली मुलांच्या शाळा आणि आमची महाविद्यालये पडद्यावर भरू लागली, तेव्हा 'ऐकू येतंय का?' हे वाक्य हजेरीपेक्षाही जास्त वेळा उच्चारले गेले, हे पालकांना आठवत असेलच.

तात्पर्य, टाकी फार लहान असून चालत नाही आणि फार मोठीही असून चालत नाही. मधला पल्ला धरायचा, आणि तूट व ऊत कधीतरी होणारच हे गृहीत धरायचे. शहाणपणाचा प्रश्न पुढेच आहे: ती झाली, तर ड्रायव्हर वागतो कसा? आमच्या शेजारणीची परीक्षा नेमकी याच प्रश्नावर असते.

मुद्दाम उपाशी ठेवण्याची परीक्षा

"सर, सगळं सुरळीत चाललेलं असताना कुणीही चांगलंच वागतं," ती एकदा म्हणाली. "आम्ही आधी त्याला उपाशी ठेवतो."

उपाशी ठेवण्याची रीत सोपी आहे. गाडगी भरणाऱ्या प्रोग्रॅमलाच मुद्दाम १०० मिलिसेकंद झोपवायचे. टाकीत शिधा २१ मिलिसेकंदांचा. तेव्हा तूट झालीच पाहिजे. आता ड्रायव्हरने 'तूट झाली' असा निरोप वर पाठवला तर तो पास. काहीच झाले नाही असे भासवून गप्प राहिला तर नापास! आमच्या विद्यापीठाच्या परीक्षेत चूक केली की गुण जातात; या परीक्षेत चूक लपवली की गुण जातात.

निरोप मिळाल्यावर दुसरा भाग सुरू होतो: पडलेला गडी उठतो कसा? लिनक्स या संगणकप्रणालीत आवाजाची सगळी व्यवस्था 'अल्सा' नावाच्या यंत्रणेकडे आहे. यारोस्लाव्ह किसेला यांनी १९९८ साली तिची सुरुवात केली आणि २००२ साली ती लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाली. या यंत्रणेत तूट आणि ऊत या दोन्हींना मिळून 'एक्सरन' असे एकच नाव आहे. एक्सरन झाला की प्रवाह थांबतो. प्रोग्रॅमने 'तयार हो' अशी आज्ञा द्यायची आणि नव्याने सुरुवात करायची. परीक्षक हा खेळ हजार वेळा, दोन हजार वेळा, रात्रभर करवून घेतात, आणि दर वेळी पाहतात: पुन्हा सुरू होताना शिळ्या पाण्याचा घोट बाहेर आला का? डाव्या कानाचा आवाज उजव्या कानात तर गेला नाही? कितवे गाडगे चालू आहे याचा ड्रायव्हरने सांगितलेला हिशेब खरा आहे का? आणि नऊशे नव्व्याण्णव वेळा उठलेला गडी हजाराव्या वेळी सगळ्या संगणकालाच घेऊन तर बसला नाही?

अल्सात एक मजेदार सोय ठेवलेली आहे. चालू प्रवाहाला बाहेरून एक्सरन 'टोचता' येतो. ठराविक जागी नुसता एक आकडा लिहिला की पुरे. आपण लहान मुलांना देवीची लस टोचून घेत होतो, त्यातलाच हा प्रकार. रोग आपल्या सोयीच्या वेळी, आपल्या डोळ्यांदेखत आणायचा.

मुद्रणाच्या परीक्षेत याच्या उलट करतात. मायक्रोफोनचा प्रवाह चालू ठेवायचा आणि पातेले ओतणाऱ्याला अडकवून ठेवायचे. शिवाय एकीकडे मोठाल्या फाइलींची नक्कल चालू करायची, वायफाय जुंपायचे, हेडफोन काढायचा नि घालायचा, लॅपटॉपचे झाकण मिटून पुन्हा उघडायचे. चार मुलांच्या घरात परीक्षेचा अभ्यास करावा तशी ड्रायव्हरची अवस्था करून सोडायची!

शुद्ध सुराची फसवणूक

आता आवाजात खंड पडला हे ओळखायचे कसे? रात्रभर कोण ऐकत बसणार? म्हणून स्पीकरच्या जागेतून निघालेली तार परत मायक्रोफोनच्या जागेत जोडतात. यंत्र स्वतःच बोलते, स्वतःच ऐकते, आणि धाडलेले व आलेले ताडून पाहते. बहुतेक वेळी एकच शुद्ध सूर वाजवतात. तो बिघडला की लगेच कळते.

पण या सुराने एकदा कशी फसवणूक केली, ते शेजारणीने सांगितले तेव्हा मी थक्क झालो. सेकंदाला १,००० आवर्तनांचा सूर घेतला तर ४८,००० च्या हिशेबाने एका आवर्तनात बरोबर ४८ मापे येतात. गाडगे ४८० मापांचे, म्हणजे १० मिलिसेकंदांचे, असेल आणि अख्खे एक गाडगे सांडले, तर नेमकी दहा आवर्तने जातात. पुढचा तुकडा मागच्याला असा चपखल बसतो की सांधा दिसत नाही! सूर आपला अखंड. चोरी झाली, पण घरातली एकही वस्तू हललेली नाही.

म्हणून जाणते परीक्षक सुराऐवजी, किंवा सुराच्या जोडीला, क्रमांक धाडतात: एक, दोन, तीन, चार. मधला एक गेला की लगेच सापडतो. आम्ही वर्गात 'सगळे आले का?' असे विचारले तर 'हो' असेच उत्तर मिळते. हजेरीपट उघडून एकेक नाव घेतले की खरे काय ते कळते.

आणखी एक चोर असतो, तो फार सावकाश येतो. तो म्हणजे घड्याळ. मायक्रोफोन एका कंपनीचा आणि स्पीकर दुसऱ्या कंपनीचा असला की प्रत्येकाची टिकटिक स्वतंत्र. दोघेही सेकंदाला ४८,००० म्हणतात, पण कुठलीही दोन घड्याळे तंतोतंत जुळत नसतात. दहा लाखांत पन्नासाचा फरक धरला तर सेकंदाला २.४ मापे कमी-जास्त होतात. टाकीत ५१२ मापे शिल्लक असतील तर ती सुमारे साडेतीन मिनिटांत संपतात. मिनिटभराच्या परीक्षेत असला ड्रायव्हर पहिल्या वर्गात येईल, आणि गाणे चौथ्या मिनिटाला तुटेल. म्हणून या परीक्षा तासन् तास चालवाव्या लागतात.

'मांदारी' या शब्दाची कुळकथा

कुणी म्हणेल, मिलिसेकंदांसाठी एवढा जीव का टाकायचा? तूट झाली तर त्रास होतो हे खरे, पण गाणे पुन्हा लावता येते, 'काय म्हणालास?' असे पुन्हा विचारता येते. ऊताचे तसे नाही, आणि त्याचा एक नमुना मी स्वतः पाहिला आहे.

आगरी समाजात लग्नविधीच्या वेळी धवले गाणाऱ्या स्त्रीला धवलारीण म्हणतात. हे धवले पिढ्यान् पिढ्या तोंडातोंडी आलेले. आमच्या एका विद्यार्थ्याने आपल्या आजीचे धवले लॅपटॉपवर मुद्रित करून आणले. वर्गात ते उतरवून घेताना एके ठिकाणी 'मांदारी' असा शब्द आला. त्यावर दोन दिवस चर्चा रंगली. कोणी त्याचा संबंध मंदार वृक्षाशी जोडला, कोणी तो जुना आगरी शब्द असल्याचे सांगितले, आणि शब्दकोशात त्याची नोंद करावी असेही ठरत आले. मी म्हटले, आधी आजींनाच विचारून या. आजींनी असा शब्द आयुष्यात ऐकलेला नव्हता! त्यांनी ती ओळ पुन्हा म्हटली आणि उलगडा झाला. मूळ शब्द होते 'मांडवाच्या दारी'. त्यातला 'डवाच्या' एवढा भाग लॅपटॉपच्या ऊतात सांडला होता, आणि उरलेली दोन टोके एकमेकांना चिकटून एक नवा शब्द जन्माला आला होता.

ऊताचा धोका हाच आहे. तुटीत निदान भोक दिसते. ऊतात भोकही राहत नाही. एवढा मोठा तुकडा जावा असेही नाही. 'वाट' आणि 'वात' यांतला फरक ज्या स्फोटाने कानाला कळतो तो काही मिलिसेकंदांचाच असतो. तेवढा पुसला की सासरची वाट समईत जळू लागते!

आजी होत्या म्हणून 'मांदारी'चा उलगडा झाला. सगळ्याच आजी अशा विचारायला उरत नाहीत. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या जोडीने १९१३ ते १९२९ या काळात भारतीय भाषांच्या ग्रामोफोन तबकड्या करण्यात आल्या. त्यांतल्या बोलणाऱ्यांना आज काही विचारणे अशक्य. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्यांना १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रणाची जोड आहे. २०१७ सालापासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहालयाने त्या सर्वांसाठी खुल्या करायला सुरुवात केली. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली. त्या आवाजांतला एखादा 'नाही' किंवा एखादे गावाचे नाव सांडले तर ते कुठल्या दळणाऱ्या बाईला विचारायचे?

म्हणून ड्रायव्हरने चूक कबूल करणे हे त्याच्या बिनचूकपणाहून कमी मोलाचे नाही. लिनक्सवर मुद्रण करणाऱ्या 'एरेकॉर्ड' या साध्या प्रोग्रॅमची एक गोष्ट मला फार आवडली. ऊत झाला की तो पडद्यावर लिहितो की ओव्हररन झाला, आणि तो किमान अमुक इतक्या मिलिसेकंदांचा होता. 'किमान'! जेवढे नक्की ठाऊक तेवढेच सांगायचे, आणि नुकसान त्याहून अधिक असू शकते हेही लपवायचे नाही. संशोधकांनी हा शब्द टेबलावर लिहून ठेवावा. अँड्रॉइड मोबाइलांतही २०१६ साली आलेल्या सातव्या आवृत्तीपासून किती वेळा तूट झाली याची मोजणी प्रोग्रॅमला विचारून घेता येते. गच्चीवरच्या टाकीला बाहेर काढलेला ओव्हरफ्लोचा पाइप असतो ना, तसाच हा प्रकार. त्याची धार अंगणात पडली की चार मजल्यांवरची माणसे ओरडतात आणि पंप बंद होतो. तो पाइपच नसता तर पाणी भिंतीत मुरत राहिले असते.

घरच्या घरी परीक्षा

दिवाळीत घरात माणसे जमतात. आजी ओव्या म्हणतात, आजोबा जुन्या गोष्टी सांगतात, आणि नातवंडे मोबाइल पुढे करून त्या मुद्रित करतात. फार चांगली गोष्ट आहे. त्यापूर्वी एक सोपी परीक्षा करून पाहावी. तिला इंजिनीअर लागत नाही.

मोबाइल काटे वाजणाऱ्या भिंतीवरच्या घड्याळाजवळ ठेवावा आणि बरोबर पंधरा मिनिटे मुद्रण करावे. त्या वेळात त्याच्याकडून इतर कामेही करून घ्यावीत: छायाचित्रे पाठवावीत, एखादी मोठी फाइल उतरवावी. मग मुद्रण किती लांबीचे झाले ते पाहावे. ऊतात सांडलेला वेळ मुद्रणात येत नाही, म्हणून पंधरा मिनिटांचे मुद्रण दोन-चार सेकंद आखूड भरले तर पाणी कुठेतरी मुरले आहे असे समजावे. मग थोडे ऐकून टिकटिक कुठे अडखळते तेही पाहावे. बारीकसारीक गळती या परीक्षेत सापडणार नाही; ढोबळ गळती मात्र नक्की सापडेल.

प्रत्यक्ष मुद्रणाच्या वेळी मोबाइलचे जाळे बंद ठेवावे, बाकीचे प्रोग्रॅम मिटावेत, आत मोकळी जागा आहे ना ते पाहावे. शक्य तर दोन निरनिराळ्या मोबाइलांवर एकाच वेळी मुद्रण करावे; दोघांनी नेमके तेच अक्षर सांडण्याचा संभव फारच थोडा. आणि घरातल्या एकाने वही घेऊन शेजारी बसावे, ऐकू येईल ते शब्द लिहून घ्यावेत, आणि त्याच संध्याकाळी मुद्रण लावून वहीशी ताडून पाहावे. अडेल तिथे आजींना ती ओळ पुन्हा म्हणायला सांगावी. त्या समोर बसल्या आहेत तोवरच हे उरकून घ्यावे.